माळ, मौन, जागल, पाय धुणं : असल्या वेगळ्या उपासनेनं ख्रिस्ती विश्वास खोल होतो का?

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारूनच टाकतो.

आमचं घर अचलपूर तालुक्यातलं. आजोबांपासून ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. रविवारची उपासना, आठवड्यात एखादी घरगुती प्रार्थना, महिन्याची उपवास-प्रार्थना, डिसेंबरात कॅरल आणि पीक निघालं की सुगीचा सण. एवढ्यात आमचं सगळं बसतं.

कृषिपंपाची थ्री फेज लाईन आमच्याकडे कधी दिवसा, कधी रात्री. गव्हाच्या ओलिताला रात्रीची पाळी आली की एक सरी भरेपर्यंत उभं राहायचं, फावड्यानं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, पुन्हा उभं राहायचं. मागच्या हिवाळ्यापासून त्या मधल्या वेळात मी ‘येशूची प्रार्थना’ करतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतली ही फार जुनी रीत. श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस डोंगरावरचे संन्यासी त्यासाठी गाठींची दोरी वापरतात, कुणाची ३३ गाठींची, कुणाची १००. मीही सुताच्या दोरीला गाठी मारून घेतल्या.

पाळकसाहेब हुरडा खायला शेतात आले होते. दोरी पंपाच्या पेटीजवळच्या खिळ्याला टांगलेली. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, “हे जपमाळेचं आपल्यात नसते. आज दोरी आली, उद्या काय येईल?” पुढच्याच रविवारी संदेशात नाव न घेता तोच विषय. सौ. म्हणते, दोरी घरात आणू नका.

तर, नेहमीच्या उपासनेबाहेरचं काही कुणी करून पाहिलं आहे का? त्यानं विश्वास वाढला, की चार दिवसांचं नवल ठरलं? आणि पाळकसाहेबांना काय सांगू?

सीताफळ

मत्तय ६:७ वाचा. व्यर्थ बडबड करू नका असं प्रभूनंच सांगितलं आहे. विषय संपला.

कंपाउंडर_नाही_डॉक्टर

इथं कुणी ‘विषय संपला’ लिहिलं की धागा शंभरी गाठते असा अनुभव आहे बाप्पा. चहा ठेवून येतो.

वर्धेची_ताई

सीताफळ, तो ६:७ पूर्ण वाचा. पुष्कळ बोललं की देव ऐकतो, या समजुतीवर तिथं बोट ठेवलं आहे. त्याच शुभवर्तमानात २६:४४ पाहा. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधीच्या रात्री, प्रभूनं तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. ते स्तोत्र आपल्या देवळात आलटून-पालटून वाचतात तेव्हा कुणी बडबड म्हणत नाही.

आणि पऱ्हाटीवाल्यांचं वाक्य पाहा. लूकच्या १८ व्या अध्यायात ऊर बडवत ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा जकातदार आहे आणि त्याच अध्यायात पुढं यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा. त्याला लोक गप्प बस म्हणून दटावतात, तो ‘माझ्यावर दया कर’ म्हणून जास्तच ओरडतो. दोरी ऑर्थोडॉक्सांची असेल, वाक्य आपल्याच बायबलमधलं आहे.

एक मात्र सांगते. संथ श्वासानं मन शांत होतंच, तो शरीराचा धर्म आहे. त्या शांततेलाच कृपा समजून बसू नका.

सीताफळ

ताई, वचनं मान्य. पण गेथशेमानेत प्रभू गाठी मोजत नव्हता.

वैनगंगाकाठ

आम्ही कॅथलिक, चंद्रपूर धर्मप्रांतातले, म्हणजे केरळकडच्या सिरो-मलबार रीतीचे. तुमचं वाचून गंमत वाटली, कारण आमच्या घरी माळ म्हणजे ‘वेगळं’ काहीच नाही. रोझरीचे ५९ मणी आजी चुलीपुढं बसून म्हणायची. आमच्यात उलटा त्रास आहे. इतकं सवयीचं झालंय की ओठ चालू आणि डोक्यात सोयाबीनचा भाव.

मला फरक पडला तो क्रूसाच्या वाटेनं. येशू क्रूस घेऊन मरणाकडं चालला त्या वाटेची देवळात १४ चित्रं असतात, तुम्ही पाहिली असतील. ती १४ ही संख्या १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी ठरवून दिली. गुड फ्रायडेला आमची मंडळी ती वाट देवळाबाहेर चालते, गावाच्या कडेनं, एप्रिलच्या उन्हात. एका वर्षी फादरांनी सुचवलं की प्रत्येक थांबा गावातल्या एखाद्या दुःखाच्या जागी घ्या. मग एक थांबा बंद पडलेल्या शाळेपाशी झाला, एक ज्या घरातल्या माणसानं औषध घेतलं होतं त्या घरासमोर. त्या घरातल्या बाईनं आम्हाला सगळ्यांना पाणी दिलं. ती ख्रिस्ती नाही. त्यानंतर तिसऱ्यांदा पडणाऱ्या येशूचं चित्र मी नुसतं पाहून पुढं जाऊ शकत नाही.

तेव्हा उत्तर ‘हो’. पण कॅथलिकांतही काहीही चालतं असं समजू नका. जेझुइट फादर अँथनी डिमेलो श्वासाची, मौनाची ध्यानं शिकवायचे आणि जगभर गाजले. १९८७ मध्ये ते गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही मतांबद्दल जाहीर सावधगिरीचा इशारा दिला. त्याआधी १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाबद्दल एक पत्रही निघालं होतं. त्याचा सार असा की पूर्वेकडच्या पद्धतींतलं चांगलं घ्यायला हरकत नाही, मात्र तंत्र म्हणजेच प्रार्थना असं धरू नका.

जागल्या

पऱ्हाटीवाले भाऊ, तुमचं ओलित तसी माही जागल.

दर्यापूरकडं खारपानात हरभरा पेरतो. रोह्याचा, म्हंजे नीलगाईचा, कळप घुसला का एका राती अर्ध वावर साफ. मंग रातच्याले मचानीवर बसा लागते. घंट्या-घंट्यानं उठून पिपा वाजवा, बॅटरी मारा. पयले मी मोबाईलवर पिक्चर पाहो. एका राती चार्जिंग संपली. पिपा वाजवून खाली ठेवला अन् निरा सुमसाम. धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या लुगड्याले वारा लागे तेवढाच आवाज. तवा माय म्हने थे १३० वं स्तोत्र आठोलं. पहारेकरी पहाटची वाट पाह्यते, त्याच्याहून जास्त माहा जीव प्रभूची वाट पाह्यते. आता मले सांगा, हे ज्यानं लिवलं तो कधी जागलीले गेला नसन का?

तवापासून एक डाव पिपा, एक डाव स्तोत्र. जेवढे पाठ हायेत तेवढे. १२१ मंधी लिवलं हाय का इस्राएलाचा राखणदार डुलकी घेत नाही अन् झोपत नाही. मी घेतो. दोनदा रोही घुसले त्याच्यानं.

याले साधना म्हंतेत का नाही, मले ठाव नाही. पन देव आपली राखन करते हे लहानपनापासून आयकलं होतं, राखन कराले काय लागते थे मचानीवरच समजलं.

वर्धेची_ताई

@जागल्या, तुम्ही जे करता त्यासाठी मठांतले लोक शतकानुशतकं रात्री उठत आले आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं जी नियमावली लिहिली तिच्यात दिवसा सात आणि रात्री एक अशा आठ प्रार्थना आहेत, आणि आठवड्यात सगळी १५० स्तोत्रं पुरी व्हावीत असा नेम. फक्त त्यांना रोही नव्हते.

कंपाउंडर_नाही_डॉक्टर

पाचव्या शतकात सीरियात संत सिमियोन एका खांबावर चढून बसले ते ३५ वर्षांहून जास्त. मरेपर्यंत उतरले नाहीत. खालून लोक सल्ला विचारत, ते वरून देत. आमच्या गावात खांबावर फक्त लाईनमन चढते, आणि तो काही विचारलं तर उत्तरच देत नाही.

जुना_सेमिनारी

धागा चांगला चालला आहे, पण सगळे एकाच बाजूनं बोलत आहेत म्हणून लिहितो. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी यवतमाळला असताना मी तिथं शिकलो. पाळकाची नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळं पऱ्हाटीवाल्यांच्या पाळकसाहेबांची बाजू मला आतून कळते.

आपल्या मंडळ्यांत माळ नाही, मूर्ती नाही, अंगाऱ्याची पुडी नाही. हे कोरडेपण मिशनऱ्यांनी लादलं असं आजकाल सर्रास म्हटलं जातं. माझ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. गावकुसाबाहेरचं घर. लेकरू आजारी पडलं की भगत, मग नवस, मग नवस फेडायला कर्ज, आणि लेकरू गेलं तर ‘नवस चुकला’ म्हणून दोष पुन्हा त्याच घरावर. ‘काहीही द्यायचं नाही, काहीही मोजायचं नाही, त्यानं तुझ्यासाठी आधीच सगळं केलं आहे’ हे त्यांनी प्रथम ऐकलं तेव्हा त्यांची त्या हिशोबातून सुटका झाली. साधी भिंत आणि लाकडी क्रूस ही त्यांची मिळकत होती. तिच्यात कुणी पुन्हा मोजायची वस्तू आणली की आमच्या पिढीचा पाळक दचकतो. तो अडाणी आहे म्हणून दचकत नाही.

पौलानं कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:२३) स्वतःच ठरवलेली उपासना आणि देहदंडन वरवर शहाणपणाचं दिसतं असं म्हटलं आहे. ल्यूथर स्वतः मठात उपास आणि जागरणं करून थकलेला माणूस होता. १५१७ मध्ये त्यानं ९५ प्रबंध मांडले तेव्हा त्याचा वाद देवाशी चालणाऱ्या याच देवघेवीशी होता.

ओलित करताना प्रार्थना करा, हजारदा करा. दोरी हरवली तर त्या रात्री प्रार्थना अर्धवट झाल्यासारखी वाटेल का, एवढं स्वतःला विचारा. वाटत असेल तर पाळकसाहेब बरोबर आहेत.

सीताफळ

+१. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवावा.

वैनगंगाकाठ

सर, तुमच्या आजोबांची गोष्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मान्य. पण हाच नियम आपण सगळ्यांना लावतो का? महिन्याच्या उपवास-प्रार्थनेला न जाणाऱ्या बाईकडं मंडळी कशी पाहते? तिथंही मोजणं चालूच असतं, फक्त दोरी दिसत नाही.

जुना_सेमिनारी

हे तुम्ही बरोबर पकडलंत. वादच नाही.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतर योग्य की अयोग्य हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर जुने धागे आहेत, तिथं जाऊन हवं तेवढं लिहा.

मेळघाटची_सून

दोरीचं मला फारसं कळत नाही. आमच्या महिला मंडळात झालेलं सांगते.

परतवाड्याजवळचं गाव, मंडळी लहान. प्रभुभोजनाच्या गुरुवारी आम्ही एकमेकींचे पाय धुवायचे ठरवले, योहानाच्या १३ व्या अध्यायात येशूनं शिष्यांचे धुतले तसे. कॅथलिकांकडे हे दरवर्षी होतं, आमच्याकडे कधीच नव्हतं. घमेल्यात कोमट पाणी, त्यात थोडं मीठ आणि खांद्यावर पंचा. वेचणी, मग तूर सोंगणी, असा हंगाम काढलेले पाय. भेगा इतक्या खोल की एकीच्या टाचेत पंचाचा धागा अडकला. तो ओढावा की कापावा, यावर तिथंच चर्चा सुरू झाली.

मला वाटलं होतं दुसरीचे पाय धुणं जड जाईल. ते सगळ्यांना जमलं, बायामाणसाला सेवा करायची सवयच असते. स्वतःचे पाय दुसरीच्या हातात द्यायला कुणी तयार होईना. आमच्या जुन्या मास्तरीणबाई तर पदर सावरून उठूनच गेल्या. “माझ्या पायाला हात लावायचा नाही.” शिष्यांतला पेत्रही येशूला हेच म्हणाला होता, हे मी शंभरदा वाचलंय. तो का तसं म्हणाला असेल, याचा विचार मात्र त्या दिवसापर्यंत डोक्यात आला नव्हता. कृपा घ्यायलाही लाज वाटते.

दोन सख्ख्या जावा होत्या, वाटणीवरून बोलणं बंद. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमक्या एकमेकींच्या निघाल्या. सगळ्या श्वास रोखून बघत होतो. धुतले. एक शब्द बोलल्या नाहीत. केस अजून चालू आहे. तारखेला मात्र आता दोघी एकाच ऑटोनं जातात.

कंपाउंडर_नाही_डॉक्टर

भाडं कोण देते?

मेळघाटची_सून

त्याचीच आता नवीन केस होईल.

वर्धेची_ताई

सूनबाई, पाय धुणं फक्त कॅथलिकांचं नाही. ब्रदरन मंडळीत प्रेमभोजनाआधी पाय धुण्याची जुनी प्रथा आहे. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्या सहांत ब्रदरनही होते. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन एका छताखाली आले तर पऱ्हाटीवाल्यांच्या दोरीला कुठंतरी खुंटी मिळायला हरकत नाही.

मोझरीकर

मी ख्रिस्ती नाही, गुरुदेव सेवा मंडळाचा आहे. चालेल ना इथं लिहिलं तर? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा मोठा जनसागर, आणि पाखराचा आवाज ऐकू येतो. लहानपणी मला ते मौनच सगळ्या कार्यक्रमापेक्षा जास्त आवडायचं. तुमच्यात असं सगळ्यांनी मिळून गप्प बसणं आहे का? मी दोनदा ख्रिस्ती लग्नाला गेलो, दोन्हीकडे पाळकसाहेब थांबायलाच तयार नव्हते.

वैनगंगाकाठ

😀 दादा, लग्नात त्यांना माईक मिळतो ना.

आहे. फ्रान्समध्ये तेझे नावाच्या गावी ब्रदर रॉजे यांनी १९४० मध्ये एक समुदाय सुरू केला. तिथं एक-दोन ओळींचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मध्येच बराच वेळ सगळे गप्प. प्रोटेस्टंट, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स एकत्र बसतात.

वर्धेची_ताई

आणि क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालेला पंथ. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत ना पाळक, ना गाणं. सगळे गप्प बसतात, कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून चार वाक्यं बोलतो. त्यांचं मिशन आपल्यापासून लांब नव्हतं, सातपुडा ओलांडला की होशंगाबादला.

जागल्या

पाळक बिना उपासना? आमच्या पाळकाले सांगू नका, थे रोह्यापेक्षा जास्त बिथरतीन.

पोथीवाला

सगळ्यांना ‘आपल्यात नसते’ या वाक्याची धास्ती दिसते म्हणून थोडा इतिहास.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ मध्ये आपल्याच नागपूरकडून राजनांदगावला रेल्वेनं जात असताना एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. त्याआधी मराठी उपासनेत इंग्रजी गीतांचे तर्जुमे विलायती चालींवर म्हटले जात. टिळकांनी अभंग दिले, ओव्या दिल्या. नगरकडे तर एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली होती. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले.

त्याहून मागं जायचं तर १६१६ चं ख्रिस्तपुराण आहे. लिहिणारे फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज, आणि ग्रंथ दहा हजारांहून जास्त ओव्यांचा, मराठी पुराणाच्या धाटणीचा.

आज विदर्भातल्या कुठल्याही प्रोटेस्टंट देवळात टाळ-तबल्यावर टिळकांचं गीत चालू असतं आणि म्हातारे डोळे मिटून डोलतात. ‘आपल्यात’ काय बसतं याची यादी आपल्या पणजोबांच्या वेळी निराळी होती आणि नातवांच्या वेळी निराळी असेल. जुना_सेमिनारी यांचा मुद्दा मात्र यानं खोडला जात नाही. टिळकांनी अभंगाचा घाट घेतला, नवस घेतला नाही.

निवृत्त_सिस्टर

(सिस्टर म्हणजे नर्स, मठातली नव्हे.)

उपवासाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. उपवासानं प्रार्थनेला धार येते हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण दवाखान्यात मे महिन्यात निर्जळी उपवास करून बेशुद्ध आलेले विश्वासूही मी पाहिले आहेत. एका प्रार्थना शिबिरात तर साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या आजीला ‘विश्वास असेल तर काही होत नाही’ असं सांगून उपाशी ठेवलं होतं. गोळी पोटात, अन्न नाही. साखर इतकी उतरली की आजी माणसं ओळखेनात. सलाईन लावून वाचल्या. मधुमेह असेल, इन्शुलिन असेल, पोटुशी असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. आणि विदर्भाच्या उन्हात निर्जळी कुणीच नको.

कॅथलिकांचा नियम मला शहाणपणाचा वाटतो. सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढाच, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना, आजाऱ्यांना सूट. आपल्याकडे कुणाचा किती दिवसांचा याची चढाओढ लागते. यशया ५८ वाचा, देवाला कुठला उपवास आवडतो ते तिथं सरळ लिहिलं आहे. भुकेल्याला भाकर.

धरणकाठचा_मास्तर

मी मोर्शीकडचा. नागपूरच्या एका फादरांकडून इग्नेशियन पद्धत शिकलो. इग्नेशियस लोयोला हा स्पॅनिश शिपाई. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला, अंथरुणात पडून वाचता वाचता पालटला. त्याच्या ‘आध्यात्मिक साधनां’ना १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा आणि डोळे मिटून त्याच्या आत शिरायचं. काय दिसतं, कसला वास येतो, पायाखाली काय लागतं.

गालीलचा समुद्र मी कुठून आणू? मग सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण घेतलं. ढीवरांची नाव, ओल्या जाळ्याचा वास, तळाशी साचलेलं पाणी आणि त्यात मेलेली चिंगळी. मार्क ४ मधलं वादळ. असं बसल्यावर लक्षात आलं की येशू उशी घेऊन झोपला होता, आणि ती उशी एकटा मार्कच सांगतो. इतकी वर्षं शाळेत, देवळात ही गोष्ट सांगितली आणि उशी कधी दिसली नव्हती. बाकी सगळे पाणी उपसत आहेत आणि हा गडी उशाला काहीतरी घेऊन निवांत! मला त्याचा राग आला. शिष्यांनाही आला होता, ‘आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही काय’ म्हणाले. देवाचा राग येतो हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. त्या दिवशी सांगितलं.

धोकाही आहे. माझ्या कल्पनेतला येशू सारखा माझ्याच बाजूनं बोलू लागला की मी उठून जातो.

वावरातला_नास्तिक

सगळं गोड चाललं आहे, पण साधा प्रश्न. संथ श्वास घेत कुठलाही शब्द म्हणा, बरं वाटणारच. ‘येशू’ म्हणा, ‘विठ्ठल’ म्हणा, ‘सोयाबीन’ म्हणा. यात विश्वास खोल होण्याचा काय संबंध?

वर्धेची_ताई

बरं वाटण्याबद्दल मी वरच लिहिलंय, त्यावर आपलं एकमत. पण ते वाक्य कुणाकडं तरी काहीतरी मागतं. तुम्ही सोयाबीनकडं दया मागून पाहा, भाव तरी वाढतो का.

वावरातला_नास्तिक

हार मानली. हमीभाव मिळाला तर मीही दोरी घेतो.

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

सेमिनारी सर, तुमचा प्रश्न मी खरंच करून पाहिला. दोरी मुद्दाम घरी सोडून गेलो. पहिल्या दोन सऱ्या चुकल्या-चुकल्यासारखं झालं, हात खिशाकडं जायचा. मग फावड्याच्या दांड्यावरच बोट टेकवत राहिलो आणि दोरी आठवली नाही. तेव्हा तिच्याशिवाय भागतं. पण ती असली की मन लवकर जागेवर येतं, हेही खरं. तुमच्या आजोबांबद्दल वाचल्यापासून मात्र गाठी मोजत नाही, नुसत्या चाळतो.

विश्वास खोल झाला का, हे कसं सांगू? दर्शन वगैरे काही नाही. एक झालं. आमच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी जुना वाद आहे, तो दर पेरणीला एका सरीएवढा आत येतो. रात्री पाणी वळवताना त्याच्या बांधाशी उभं राहून ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणायचं आणि सकाळी त्याला आई-बहिणीवरून बोलायचं, हे दोन्ही एका तोंडानं जमेना. मोजणीचा अर्ज केला आहे. शिव्या बंद आहेत.

पाळकसाहेबांना म्हटलं, एकदा रात्री ओलिताला या, सोबत उभं राहू, दोरी नाही काढणार. म्हणाले, थंडी कमी झाली की येतो.

जुना_सेमिनारी

थंडी संपली की ओलितही संपते. त्यांना म्हणावं, ब्लँकेट घेऊन आताच या. मी त्यांच्या वयात असतो तर आलो असतो. आणि मोजणीचा अर्ज केलात हे चांगलं केलंत, दया वेगळी आणि सातबारा वेगळा.

सीताफळ

माझं मत तेच आहे. दोरी शेतातच राहू द्या, देवळात आणू नका. शेजाऱ्याला द्यायच्या शिव्या बंद झाल्या त्याबद्दल प्रभूची स्तुती असो, दोरीची नको.

मेळघाटची_सून

ओ भाऊ, त्या गाठी कशा मारल्या ते तरी सांगा. आमच्या मंडळात दोघी-तिघी विचारून राहिल्या.

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

अ‍ॅथॉसवाल्यांची खरी गाठ क्रूसासारखी गुंफलेली असते, ती मला जमली नाही. मी साध्याच मारल्या. जाड पिळाचं सूत घ्या, नायलॉन नको, गाठ सुटते आणि हाताला टोचते. दोन गाठींत बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवा. आधी ओलं करून पिळून घ्या, म्हणजे वाळल्यावर गाठी घट्ट बसतात.

जागल्या

मले बी पाठवा एक. मचानीवर टांगतो, रोही आले का तिच्यावरच पिपा बांधतो.

निवृत्त_सिस्टर

उपवासाबद्दल मला खरडवहीत बरेच प्रश्न आले आहेत. ‘उपवासाला काळा चहा चालतो का’ हा त्यांतला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला. वेगळा धागा काढते, इथं नको.

कंपाउंडर_नाही_डॉक्टर

सिस्टर, लवकर काढा. मी पहिल्या प्रतिसादापासून चहा ठेवून बसलो आहे.